‘पारंपरिक’ कथाकथन आणि आपली मुले

केंद्र शासनाने २०१५ साली शालेय विद्यार्थ्यांसाठी ‘कला उत्सव’ सुरू केला. त्या वेळच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाचा, म्हणजे आजच्या शिक्षण मंत्रालयाचा, हा उपक्रम. त्याचे संयोजन एन.सी.ई.आर.टी. करते. नववी ते बारावीच्या मुलामुलींनी प्रथम शाळेत, मग जिल्ह्यात, मग राज्यात आणि शेवटी राष्ट्रीय मंचावर आपली कला सादर करायची, असे त्याचे स्वरूप आहे. गायन, वादन, नृत्य, नाट्य आणि दृश्यकला यांच्या जोडीला २०२४-२५ च्या उत्सवात ‘पारंपरिक कथाकथन’ हा प्रकार आला. त्या वर्षीचा राष्ट्रीय टप्पा जानेवारी २०२५ मध्ये भोपाळ येथे झाला.

आपल्या वर्तुळात या घटनेची फारशी दखल घेतली गेली नाही. आपण आत्मकथनांवर परिसंवाद घेतो, कवितासंग्रहांची समीक्षा करतो, संमेलनांच्या अध्यक्षीय भाषणांवर वाद घालतो. पण शाळेच्या सभागृहात, फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेल्या शीर्षकासमोर उभी राहून एखादी चौदा वर्षांची मुलगी गोष्ट सांगते, तेव्हा तीही एक वाङ्मयीन घटना असते, हे आपल्या लक्षात येत नाही. कोणती गोष्ट सांगण्यायोग्य आहे, ती कोणत्या भाषेत सांगावी, तिला गुण कोणी द्यावेत, हे सारे निर्णय तिथे होतात. प्रस्थापित अभिरुची घडते ती प्रथम तिथेच. म्हणून या प्रकाराची समीक्षा करणे मला आवश्यक वाटते.

आरंभीच स्पष्ट करतो की कथाकथनाला शासकीय उत्सवात स्थान मिळाले, याचे मी स्वागत करतो. माझ्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. आमच्या घरात पुस्तक नव्हते, पण गोष्टी होत्या. पहिल्या पिढीच्या बहुतेक विद्यार्थ्यांचे असेच असते. त्यांच्याजवळ जे भांडवल आहे ते लिहिलेले नाही, बोललेले आहे. त्याला शाळेने मान द्यावा ही मागणी आपलीच आहे. प्रश्न आहे तो ‘पारंपरिक’ या विशेषणाचा. परंपरा म्हणजे कोणाची परंपरा? ती सांगणारा कोण आणि ऐकणारा कोण?

*

गोष्ट सांगणे हा आपल्या समाजव्यवस्थेत केवळ छंद नव्हता. ते जातीने ठरवून दिलेले काम होते. वासुदेव पहाटे दारात येई, गोंधळी लग्नानंतर संबळ घेऊन उभा राही, पोतराज मरीआईचा गाडा डोक्यावर घेऊन अंगावर आसूड ओढी. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर चित्रांच्या पोथ्या मांडून रामायण-महाभारतातील आख्याने सांगत. या चित्रकथी परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. डक्कलवार किंगरी वाजवून मातंगांना त्यांचे जातिपुराण ऐकवीत आणि मातंगांकडेच मागून खात. मातंग गावाबाहेर आणि डक्कलवार मातंगांच्याही बाहेर. जो आपल्याला आपल्या उत्पत्तीची थोर कथा सांगतो, त्यालाच आपण उंबऱ्याच्या आत घ्यायचे नाही, अशी ही रचना. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले तिचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. ते आपल्याकडे बोट दाखवते, म्हणून त्याची चर्चा आपण टाळतो.

महाराष्ट्राबाहेरही चित्र निराळे नाही. छत्तीसगडची पंडवानी आज भारतभर नावाजली जाते. ती जगापुढे नेणाऱ्या तीजनबाई पारधी समाजातल्या. बाईने बसून गायचे, उभे राहून आवेशाने सादर करायचे ते पुरुषाने, असा रिवाज होता. त्यांनी तो मोडला, त्यापायी समाजाचा बहिष्कार सोसला आणि २०१९ साली पद्मविभूषणापर्यंत पोहोचल्या. राष्ट्रीय मंचावर पंडवानीचे कौतुक करताना हा बहिष्कार सांगितला जात नाही. कला उचलायची आणि तिच्या पाठीवरचे वळ झाकायचे, ही संस्कृतिरक्षकांची जुनी रीत आहे.

शासनाचे वर्तनही तपासून पाहावे. मुंबई राज्याने १९५९ साली भिक्षा प्रतिबंधक कायदा केला. त्यात भीक मागण्याच्या व्याख्येतच गाणे, नाचणे, भविष्य सांगणे आणि खेळ करून दाखवणे यांचा समावेश केला होता. हाच कायदा पुढे दिल्लीसही लागू झाला आणि तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ साली त्यातील भीक मागणे हा गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य ठरवली. म्हणजे चौकात किंगरी वाजवणारा माणूस कायद्याच्या नजरेत भिकारी, आणि तीच किंगरी धुतलेल्या झब्ब्यातल्या विद्यार्थ्याच्या हातात आली की ती राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा! वस्तू तीच, सूर तोच. फरक आहे तो वाजवणाऱ्याच्या सामाजिक स्थानाचा.

आता एक साधा प्रश्न विचारू. ज्यांच्या घरात ही कला पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांची मुले नववीत असतात का? उत्सव नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पाल उचलून हिंडणाऱ्या कुटुंबातले मूल त्या आधीच शाळेबाहेर पडलेले असते. मग पारंपरिक कथाकथन सादर कोण करणार? ज्याला संगीताची शिकवणी लावता येते, वेश भाड्याने आणता येतो, सरावासाठी सवड मिळते तो. परंपरेचा वारस शाळेच्या फाटकाबाहेर आणि परंपरेचा नट मंचावर, अशी स्थिती यातून निर्माण होऊ शकते. उत्सवाच्या आयोजकांचा हेतू असा आहे असे मी म्हणत नाही. पण शाळागळतीचा प्रश्न न सोडवता परंपरेचा उत्सव मांडला, तर परिणाम दुसरा होणार नाही.

*

दुसरा प्रश्न आपल्या समाजापुरता आहे आणि तो अधिक अवघड आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. बावीस प्रतिज्ञांनी आपण देव नाकारले, त्यांच्या कथा नाकारल्या. त्या कथांवर पोसलेली सोंगेही टाकून दिली. ज्या घरात पोतराजाचा आसूड होता तिथे तो आड्यावरून उतरला आणि जळणात गेला. हा त्याग लहान नव्हता. त्यात काही सूर गेले, काही लय गेली, काही म्हाताऱ्यांच्या जगण्याचा आधार गेला. पण त्या बदल्यात माणूसपण मिळाले. आता त्याच घरातील नातवाला शाळा म्हणते, ‘तुमच्याकडची एखादी पारंपरिक गोष्ट सांग.’ त्याने काय सांगावे?

यावर आपल्या कार्यकर्त्यांत दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, परंपरा हीच आपली शत्रू आहे, तेव्हा या प्रकारावर बहिष्कार घालावा. दुसरे मत असे की, जे जे लोककलेत आहे ते मुळात बहुजनांचे आहे, तेव्हा पोतराज, वासुदेव, गोंधळ सगळे आपलेच म्हणून अभिमानाने सादर करावे. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. पहिल्या मतात आपल्या मुलांची तोंडे बंद होतात. दुसऱ्या मतात लाचारीलाच अस्मितेचा मुलामा मिळतो. अंगावर आसूड ओढून घेणे ही कला होती, हे मान्य. पण ते ओढून घेण्याची सक्ती कोणावर होती, हे विसरून ते नाचवणे म्हणजे १९५६ वर बोळा फिरवणे होय.

तिसरी वाट आपल्या चळवळीनेच दाखवली आहे. सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन झाला. पुढे सत्यशोधकी जलसे निघाले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातली सोंगे आणि सवाल-जवाबाची रीत ठेवली आणि आशय बदलला. आंबेडकरी जलशांनी हेच अधिक धारदारपणे केले. भीमराव कर्डकांसारखे जलसाकार १९३० च्या दशकात गावोगाव हिंडले. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार जलशांनी पोहोचवला. वामनदादा कर्डक त्याच वाटेने गेले. परंपरेशी नाते ठेवण्याची ही आपली रीत आहे. रूप वापरायचे, गुलामी टाकायची. नकार हीदेखील एक परंपरा आहे, आणि आता ती दीडशे वर्षांची झाली आहे. ‘पारंपरिक’ या शब्दाच्या अर्थात तिचा समावेश झाला पाहिजे, ही माझी मागणी आहे.

हा आग्रह केवळ तात्त्विक नाही. एका शाळेत गोष्टींच्या निवडीसाठी मला बोलावले होते. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण असे कोठेही घडू शकते. दहावीतल्या एका मुलीने आपल्या आजीची गोष्ट सांगितली. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जात होती. दुपारी सुकडी मिळे. ती पदरात बांधून घरी आणायची आणि लहान भावंडांना चिमटी-चिमटीने वाटायची. वाटताना ती दरवेळी एकच वाक्य म्हणे. मुलीने ते वाक्य गोष्टीत पाच-सहा वेळा घेतले आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज निराळा लागला. शेवटच्या वेळी पदर रिकामा होता आणि वाक्य तेवढेच राहिले. वर्गात कोणी हलले नाही.

निवड करणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘छान आहे गं, पण ही पारंपरिक गोष्ट नाही. ही घडलेली हकीकत झाली. राजा-राणीची, नाहीतर पुराणातली एखादी बसव.’ मुलगी म्हणाली, ‘बाई, माझ्या आज्जीनं आईला सांगितली, आईनं मला. आणखी कशी पाहिजे?’

मुलीचा हा प्रतिप्रश्न मला समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. मौखिक परंपरेची व्याख्या आपण काय करतो? तोंडून तोंडी जाणे, ठरलेली आवर्तने असणे, सांगणाऱ्यागणिक थोडे बदलणे आणि ऐकणाऱ्या समूहाने ती आपली मानणे. या चारही कसोट्यांना ती गोष्ट उतरत होती. तिच्यात नव्हता तो फक्त राजा. राजा नसलेली गोष्ट ‘हकीकत’ आणि राजा असलेली ‘कथा’, हा भेद वाङ्मयीन नाही, तो वर्गीय आणि जातीय आहे. आपल्या आत्मकथनांनाही एके काळी हेच ऐकावे लागले होते. १९७८ साली ‘बलुतं’ आले तेव्हा हे साहित्य की समाजशास्त्रीय दस्तऐवज, असा प्रश्न विचारणारे थोडे नव्हते. शांताबाई कांबळे यांनी १९८६ साली आपल्या आत्मकथनाचे नाव ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ असे ठेवले. जल्माची हकीकत हीच कथा आहे, असा त्या शीर्षकाचा दावा होता. समीक्षेने तो मान्य केला. शाळेच्या सभागृहात तो अजून मान्य व्हायचा आहे.

*

मराठी शाळेत गोष्ट म्हटली की साने गुरुजींचे नाव येते. त्यांच्या नावाच्या कथामालेने गोष्ट सांगण्याची गोडी शाळाशाळांत पोहोचवली, हे ऋण मान्यच केले पाहिजे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली प्राणपणाने उपोषण करणारा हा माणूस होता, हेही आपण विसरता कामा नये. तरीही ‘श्यामची आई’ (१९३५) मधील एक प्रसंग पाहा. एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडाची मोळी खाली पडते. कोणी शिवत नाही. आई श्यामला सांगते, तिच्या डोक्यावर मोळी दे आणि घरी येऊन अंघोळ कर. त्या काळच्या, त्या घरातल्या बाईकडून ही माणुसकी मोठी होती, यात शंका नाही. पण गोष्ट कोठून सांगितली आहे ते पाहा. कॅमेरा श्यामच्या अंगणात ठेवलेला आहे. मोळी उचलल्यावर म्हातारी चालू लागते आणि गोष्टीतून निघून जाते. ती कोठे गेली? त्या रात्री तिने आपल्या नातवाला काय सांगितले? एका पोराने मोळी दिली आणि अंघोळीला गेला, हे तिने कसे सांगितले असेल?

आज वर्गात श्यामही बसलेला असतो आणि त्या म्हातारीचा पणतूही. श्यामची गोष्ट पाठ्यपुस्तकांनी, चित्रपटाने, कथामालांनी शंभर वेळा सांगितली. म्हातारीची गोष्ट सांगायची राहिली आहे. कथाकथनाच्या उत्सवाला काही अर्थ असेल तर तो या राहिलेल्या गोष्टीत आहे.

ही गोष्ट मराठीत कधी सांगितलीच गेली नाही असे मात्र नाही. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. तिचे वय तेव्हा चौदाच्या आसपास होते, म्हणजे आजच्या हिशेबाने नववीतली मुलगी. तिने कोणाचे पुराण सांगितले नाही. आपल्या लोकांचे काय होते ते सांगितले आणि धर्माला थेट प्रश्न विचारला. शालेय विद्यार्थ्यांच्या अभिव्यक्तीचा उत्सव करायचा तर त्याची परंपरा मुक्ता साळवेपासून मोजायला काय हरकत आहे?

*

आपल्याकडच्या उणिवांविषयीही बोलले पाहिजे. आपली मुले व्यासपीठावर येतात तेव्हा बहुधा बाबासाहेबांचे चरित्र सांगतात. यात गैर काही नाही. पण ते कसे सांगतात? जन्मतारीख, पदव्यांची यादी, दोन घोषणा आणि टाळ्या. गोष्टीचे भाषण होते. सांगणाऱ्या मुलाचा चेहरा त्यात कोठे दिसत नाही. शिक्षकाने लिहून दिले, मुलाने पाठ केले आणि हातवारे बसवले, असा हा कारखाना आहे. जयंतीच्या मंडपात आपणच तो चालवतो.

बाबासाहेब स्वतः गोष्ट कशी सांगतात ते पाहा. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लहानपणीचा एक प्रवास आहे. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरतात. नवे कपडे, मनात आनंद. न्यायला कोणी आलेले नाही. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकायला तयार होत नाही, मुलांनीच ती हाकायची. बरोबर फराळाचा डबा आहे, पण पाणी कोठेच मिळत नाही आणि पाण्यावाचून घास उतरत नाही. भरला डबा समोर ठेवून मुले उपाशी झोपतात. या कथनात एकही घोषणा नाही. आहे तो डबा, तहान आणि नवे कपडे. दहा वर्षांच्या कोणत्याही मुलाला ही गोष्ट कळते आणि कळल्यावर ते विचारतेच, ‘का?’ हा ‘का’ उपस्थित करणे हे आपल्या कथाकथनाचे काम आहे. भाषणात उत्तर आधीच दिलेले असते.

अण्णा भाऊ साठ्यांचा शाळेशी संबंध दीड दिवसाचा, असे सांगितले जाते. शाळेने ज्यांना ठेवून घेतले नाही त्या अण्णा भाऊंनी ‘फकिरा’ (१९५९) लिहिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. लोकांच्या तोंडी असलेले शौर्य त्यांनी कादंबरीत आणले. आज अण्णा भाऊंची जयंती शाळांत होते. तेव्हा एखाद्या मुलाला त्यांच्याविषयीचे भाषण पाठ करायला लावण्यापेक्षा, ‘तुझ्या वस्तीत कोणाची गोष्ट सांगतात?’ असे विचारले तर अण्णा भाऊंची परंपरा अधिक पुढे जाईल.

*

शिक्षक वाचकांसाठी शेवटी काही सूचना करतो. त्या राष्ट्रीय मंचासाठी नाहीत. तिथे राज्याकडून मोजकीच मुले पोहोचतात. परंतु उत्सवाचा पहिला टप्पा शाळेत होतो आणि शाळेत आपण आहोत.

पहिली सूचना अशी की, मुलाला गोष्ट देऊ नये, ती घरून आणायला सांगावी आणि सांगण्याआधी ती कोणाकडून ऐकली हे त्याने जाहीर करावे. ‘ही गोष्ट मला माझ्या आत्याने सांगितली, ती वीटभट्टीवर काम करते,’ एवढ्या एका वाक्याने आत्या मंचावर येते. दुसरी सूचना बोलीविषयी आहे. ‘हाय’, ‘न्हाई’, ‘आमी’ यांवर गुण कापणे बंद झाले पाहिजे. ज्या भाषेत गोष्ट जन्मली तिच्यातून ती उपटून शुद्ध मराठीच्या कुंडीत लावली की ती सुकते. ‘बलुतं’ अभ्यासक्रमात लावणाऱ्यांनी शाळेत ‘ण’ला ‘न’ म्हणणाऱ्या मुलाला हसू द्यावे, ही विसंगती आहे.

तिसरी सूचना कलावंतांविषयी. गोंधळी, किंगरीवाला, चित्रकथी यांना शाळेत जरूर बोलवावे, पण मध्यंतरात मुलांचे मनोरंजन म्हणून नव्हे. पाहुण्या अध्यापकाला देतो ते मानधन द्यावे, खुर्ची द्यावी, चहा आपल्याच कपात द्यावा आणि मुलांना त्यांना प्रश्न विचारू द्यावेत. ही कला तुम्ही कशी शिकलात, लोक तुम्हाला कसे वागवतात, तुमची मुले शाळेत जातात का? या प्रश्नांची उत्तरे हीदेखील गोष्टच असते, आणि कदाचित आख्यानाहून मोठी.

चौथी सूचना परीक्षणाची. गोष्ट संपल्यावर ऐकणाऱ्या मुलांना काय विचारावेसे वाटले, याला गुण असावेत. वेशभूषेला नसले तरी चालेल. आणि गोष्ट सांगणाऱ्याला ती बदलण्याचा हक्क असावा. एकलव्याची गोष्ट सांगताना एखाद्या मुलीने अंगठा द्यायचे नाकारले, तर ‘मूळ कथेत असे नाही’ म्हणून तिला थांबवू नये. मूळ कथेत जे नाही ते बोलण्यासाठीच आपली माणसे शाळेत आली आहेत.

येत्या वर्षी आपापल्या शाळेत या उत्सवाची सूचना येईल. फलकावर लावून आपण मोकळे होऊ नये. ज्या वर्गात चाळीस मुले आहेत तिथे चाळीस घरांच्या गोष्टी आहेत. त्यांतल्या दोघांची निवड होईल. उरलेल्या अडतीस गोष्टी वहीत उतरवून घेणे, सांगणाऱ्यांच्या नावानिशी जपणे आणि वस्तीत पुन्हा वाचून दाखवणे, हे काम कोणत्याही शासननिर्णयाची वाट न पाहता करता येईल. ते कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी मिळून करावे, एवढेच माझे म्हणणे आहे.